चार नंबरची टाकी

१

आमच्या घराला कुलूप लावायची एक पद्धत होती. आई, मी आणि धाकटा प्रणित बाहेर गॅलरीत उभे राहायचो. बाबा दाराच्या चौकटीवर तीनदा ठोकायचे आणि रिकाम्या घरात हाळी द्यायचे, "आत कोण?" मग वीसपर्यंत मोजायचे. बस सुटत असली तरी वीस म्हणजे वीस. उत्तर आलं नाही की कुलूप.

बाबांचं, म्हणजे महिपत घाडीगावकरांचं, गोदीतलं काम तेच होतं. कोलशेतला खाडीकाठी एक छोटी गोदी होती. नौदलाच्या टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटी, आणि माल वाहणाऱ्या सपाट बार्ज तिथे दुरुस्तीला यायच्या. बाबा तिथे प्लेटर, म्हणजे लोखंडी पत्रे बसवणारे, होते, पण अख्खी गोदी त्यांना ओळखायची ती हाळीवाला महिपत म्हणून. बार्जच्या पोटात लोखंडी टाक्या असतात. दुरुस्तीच्या वेळी माणसं वरच्या मॅनहोलमधून आत उतरतात, गंज खरवडतात, रंग देतात. काम संपलं की झाकण बसतं, नट आवळले जातात आणि मग चार-पाच वर्षं ती टाकी कोणी उघडत नाही. म्हणून झाकण लावायच्या आधी एक माणूस आत उतरतो, शेवटच्या कप्प्यापर्यंत जातो, हातोडीने तीन ठोके मारतो, हाळी देतो, थांबतो आणि सगळ्यात शेवटी बाहेर येतो.

"बावीस वर्षांत माझ्या झाकणाखाली कोणी राहिला नाही," बाबा म्हणायचे. दुसऱ्या कशाचीही फुशारकी मारताना मी त्यांना ऐकलं नाही.

आम्ही गोदीच्या वसाहतीतली पोरं. भोंग्यावर उठायचो, भोंग्यावर जेवायचो. शाळेत कोणी विचारलं की वडील काय करतात, तर आम्ही "नोकरी करतात" म्हणायचो नाही. "जहाजं दुरुस्त करतात," म्हणायचो, आणि समोरच्याकडे जरा वरून बघायचो. अजूनही बघते.

२

मी बारा वर्षांची होते, सातवीत. डिसेंबरातला रविवार होता, दुपारचे चार वाजले होते. वर्तकनगरला माझ्या मावसबहिणीचा, प्राचीचा, साखरपुडा होता. आईने हिरवी पैठणी नेसलेली, प्रणितच्या केसांना तेल चोपडलेलं. आम्ही तिघं गॅलरीत उभे. बाबांनी चौकटीवर तीनदा ठोकलं.

"आत कोण?"

त्यांचे ओठ हलत होते. सहा, सात, आठ.

ठक. ठक. ठक.

आवाज आतून आला, मोरीच्या बाजूने.

प्रणित हसला. त्याला वाटलं बाबांनीच काहीतरी गंमत केली. बाबा चप्पल काढून आत गेले. मोरी, स्वयंपाकघर, पलंगाखाली, माळ्यावर सगळं बघून बाहेर आले आणि पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. थोडा वेळ शांत, मग तीन ठोके.

"पाइप वाजतोय हो," आई म्हणाली. "पाणी यायची वेळ झाली. चला आता, ताईकडे सगळे खोळंबले असतील."

"पाइप आपल्या मर्जीने वाजतो, मंजुळा. हे ऐकून घेऊन वाजलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपण विचारलं आणि त्याने उत्तर दिलं." बाबांनी कुलूप खिशात टाकलं. "आतून उत्तर आलं की बंद करायचं नाही. तुम्ही व्हा पुढे."

आई जिना उतरेपर्यंत बोलत होती आणि रिक्षात बसल्यावर रडली. साखरपुड्यात प्रत्येकाने विचारलं, महिपतराव कुठे? ती म्हणाली, ड्युटी आहे. एका अर्थी ते खरंच होतं.

आम्ही परतलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि बाबा उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, आतल्या बाजूला तोंड करून.

३

त्या दिवसापासून आमच्या घराला कुलूप लागलं नाही. आई बाजारात गेली तर मी घरी थांबायचे, मी शाळेत गेले तर आई. बाबा रोज कामावर जाण्याआधी एकदा ठोकायचे. रोज उत्तर यायचं.

मी हुशार मुलगी होते, विज्ञानात पहिली येणारी. बुधवारी शाळा सुटल्यावर आई दळणाला गेली तेव्हा मी स्वतः शोध घ्यायचं ठरवलं. मोरीच्या भिंतीपलीकडे कोणाचंच घर नव्हतं, बाहेर मोकळी हवा आणि खाली चिंचेचं झाड. मोरीच्या वर केशरबाईंची मोरी. त्या मसाला कुटत असतील, म्हणून वर गेले. त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, केशरबाई चार दिवस लेकाकडे दिव्याला गेल्यात.

खाली आले. नळाची तोटी घट्ट फिरवली. पाइपला हात लावला, तो गार आणि निपचित होता. मग पळीच्या दांड्याने भिंतीवर तीनदा ठोकलं.

काही नाही. मी मोजत होते. वीस झाले, तेवीस झाले. मला हसू आलं, म्हटलं आईला सांगते.

तिसाला उत्तर आलं. दोनच ठोके, आणि दुसरा अगदी हलका.

मी पळाले नाही. का ते सांगता येत नाही. भीती वाटली होती, पण त्या आवाजात भीती घालणारं काही नव्हतं. कोणीतरी खूप दमलं होतं. आमची आजी शेवटच्या दिवसांत पाणी मागायला पेल्यावर चमचा वाजवायची, तसा तो ठोका होता. मी भिंतीला तळहात लावला. चुन्याची कोरडी भिंत होती. हात काढला तेव्हा तो ओला होता आणि तळव्याला गंजासारखा वास येत होता.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं.

"कितीला वाजलं?"

"तिसाला."

"रविवारी दहाच्या आत वाजत होतं," ते म्हणाले आणि जेवण अर्धंच टाकून उठले.

४

पुढच्या शनिवारी बार्ज पाण्यात सोडायची होती. वसाहतीत त्याची तयारी दिवाळीसारखी चाललेली. मोठे साहेब येणार, बँड येणार, आणि पहिल्यांदाच कामगारांच्या घरच्यांना गोदीत आत सोडणार होते. बायकांनी साड्या काढून ठेवल्या होत्या. आम्हा पोरांना कागदी झेंडे मिळाले होते.

बाबा मात्र खंगत चालले होते. रात्री त्यांना झोप लागत नव्हती. एकदा मी त्यांना आईशी बोलताना ऐकलं.

"माझा कानावर भरवसा राहिला नाही. टाकीत उतरलो की सगळीकडून ठोके ऐकू येतात. खरे कुठले, डोक्यातले कुठले, कळत नाही."

"रजा घ्या."

"आणि झाकणं कोण लावणार? दुसऱ्याने लावायची?"

शुक्रवारी शेवटची टाकी राहिली होती, चार नंबरची. ती बंद करून बाबा अंधार पडायच्या आत घरी आले. हात-पाय धुतले, चहा घेतला. "झालं," म्हणाले. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला.

शनिवारी सकाळी सातला आवडाबाई आली. कोळीवाड्यातली आवडाबाई रोज आमच्या वसाहतीत मासळी घेऊन यायची. त्या दिवशी डोक्यावर पाटी नव्हती.

"माझा मानूस राती घरा नाय आयला गो," ती आईला म्हणाली. तिचा नवरा नामा ठेकेदाराकडे कामाला होता, टाक्यांतला गंज काढायच्या. "सगले सांगतात, पिऊन पडला आसंल. त्यो पीत नाय. तुला ठाव हाय ना, त्यो पीत नाय?"

"येईल गं," आई म्हणाली. "बोटीवर गेला असेल कोणाबरोबर."

बाबा आतल्या खोलीत नवीन पांढरा शर्ट घालत होते. त्यांना हे ऐकू गेलं असावं, पण ते बाहेर आले नाहीत. आवडाबाई तशीच पुढच्या इमारतीत विचारायला गेली.

५

साडेनऊला आम्ही निघालो. आई, मी, प्रणित गॅलरीत. बाबांनी चौकटीवर तीनदा ठोकलं.

"आत कोण?"

वीस झाले. तीस झाले. आत काहीच नव्हतं. घर इतकं शांत मी दोन आठवड्यांत ऐकलं नव्हतं. आईने हळूच सुस्कारा सोडला, बाबांच्या खिशातून कुलूप काढलं आणि कडीत अडकवलं.

बाबांचा हात अजून चौकटीवरच होता. ओठ हलत होते.

"अहो, पुरे आता."

ते मोजत राहिले. खाली मंडळी झेंडे घेऊन निघाली होती, कोणीतरी आम्हाला हाक मारली. मीही मनात मोजत होते. ऐंशीच्या पुढे गेल्यावर मोरीच्या भिंतीतून एक ठोका आला. एकच. कोणी पाण्याचा थेंब पडला म्हटलं असतं तर मी मान्य केलं असतं.

बाबांनी कडीतलं कुलूप काढलं.

"मी काल वीसच मोजले," ते म्हणाले. "आणि शेवटच्या कप्प्यापर्यंत गेलो नाही. भीती वाटली मला. काही ऐकू येईल याची भीती वाटली."

मग ते धावले. पन्नाशीकडे झुकलेला, पांढरा शर्ट घातलेला माणूस वसाहतीच्या रस्त्यावरून गोदीकडे धावत होता, आणि मी त्यांच्या मागे.

६

गोदीत मांडव होता, खुर्च्या होत्या, बँडवाले पितळी वाद्यं पुसत होते. उतारावर ती बार्ज उभी होती, नवीन रंगाने चकचकीत. आता फक्त टेकू काढायचे आणि ती घसरत खाडीत जाणार. बाबा सरळ टेकूंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"चार नंबर उघडा."

रतनकाका चार्जमन, म्हणजे कामावरचे मुकादम, होते, बाबांचे जुने मित्र. ते खालच्या आवाजात म्हणाले, "महिपत, वेडा झालास का? काल तूच बंद केलीस. सही तुझी आहे."

"सही माझी आहे म्हणूनच म्हणतो. उघडा."

"साहेब बसलेत समोर. मी काय सांगू त्यांना?"

"सांग, महिपत घाडीगावकर चुकला."

साहेब स्वतःच उठून आले. उंच, पांढऱ्या गणवेशातले. त्यांनी आवाज चढवला नाही. हिंदीत विचारलं, आत माणूस आहे असं कशावरून म्हणता? बाबा घरातल्या भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी हातोडी मागितली. अंगातला नवीन शर्ट काढून माझ्या हातात दिला, बनियनवर बार्जच्या पोटाशी गेले आणि चार नंबरच्या पत्र्यावर तीन ठोके मारले. सगळ्या गोदीत घुमले.

"आत कोण?"

आणि मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन.

वीस झाले तेव्हा मागे कोणीतरी हसलं. चाळीस झाले तेव्हा ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बस करा ना काका, उन्हात उभे आहेत सगळे." साहेबांनी हात वर केला आणि तो गप्प झाला. साठ. सत्तर. तीनशे माणसं उभी होती आणि एकाचंही पाऊल वाजत नव्हतं. बाबांचा एकही आकडा चुकत नव्हता. मला तेव्हा वाटलं की उत्तर आलं नाही तर हा माणूस मोजतच राहील, म्हातारा होईपर्यंत.

त्र्याण्णवला पत्रा वाजला.

सगळ्यांनी ऐकलं. प्रणित ऐकलं नाही म्हणतो, पण तो तेव्हा सात वर्षांचा होता आणि नंतर इंजिनिअर झाला.

७

नामा जिवंत होता. रंगाच्या वासाने त्याला शुक्रवारी दुपारी चक्कर आली होती आणि तो शेवटच्या कप्प्यात आडव्या पट्ट्यांमागे पडला होता. चौघांनी मिळून त्याला वर काढलं आणि डेकवर निजवलं. आवडाबाईला कोणीतरी बोलावून आणलं होतं. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी शर्ट छातीशी धरून फळीवरून वर चढले. त्या गडबडीत मला कोणी अडवलं नाही.

"ठोकलंस ते बरं केलंस," रतनकाका नामाच्या तोंडावर पाणी मारत म्हणाले. "नाहीतर आज काय झालं असतं!"

नामाने डोळे उघडले. "मी नाय ठोकला."

"अरे, आम्ही ऐकला ना ठोका."

"माझा हात हालत नव्हता. माझे बाजूला बसलेला, त्यो ठोकत होता." मग तो बाबांकडे बघून म्हणाला, "त्याला पन काढा."

रतनकाकांनी डोक्याकडे बोट नेऊन खूण केली, वास चढलाय. आत गेलेले चौघंही म्हणाले, दुसरं कोणी नाही, आम्ही बघितलं. नामाला उचलून खाली नेलं. सगळे त्याच्यामागे गेले.

बाबा गेले नाहीत.

आता प्रणितचं म्हणणं आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. तो म्हणतो, भिंतीतला आवाज पाण्याच्या दाबाचा, ठोका नामानेच बेशुद्धीत मारला, आणि मी उपाशीपोटी उन्हात उभी होते. त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नाही. नामा शुक्रवारी टाकीत पडला आणि आमची भिंत त्याच्या बारा दिवस आधीपासून वाजत होती, हे तेवढं त्याच्या हिशेबात बसत नाही. त्या दिवसानंतर मात्र ती कधीच वाजली नाही. वसाहत पाडून तिथे टॉवर उभे राहिले तोवर आम्ही त्या घरात होतो, आणि रोज कुलूप लागत होतं.

बाबा गेल्या वर्षी डोंबिवलीत माझ्या घरी वारले. दिवा, कल्याण, बदलापूर, कुठकुठून जुने कामगार आले होते. त्यांतल्या कोणालाही मी हे पुढचं सांगितलं नाही.

बाबा मॅनहोलमधून एकटे आत उतरले. मी डेकवर उभी होते. खालून त्यांची पावलं ऐकू येत होती, लांब, अगदी शेवटच्या कप्प्यापर्यंत. मग ती थांबली. बराच वेळ काही नाही. मग त्यांचा आवाज आला, मोठ्या माणसाशी बोलावं तसा.

"चला. वर चला आता."

परत येणारी पावलं मी मोजायचा प्रयत्न केला. ती एकाची असती तर मोजता आली असती.

बाबा वर आले, पण उभे राहिले नाहीत. मॅनहोलपाशी गुडघे टेकून बसले आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. कोणाला तरी वर घ्यायला द्यावा तसा. त्यांचा खांदा एकदम खाली ओढला गेला. मानेच्या शिरा फुगल्या. नामाला चौघांनी काढलं होतं, बाबा एकटे ओढत होते.

भोकाच्या कडेवर चार बोटं आली. फार काळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी, पांढरी, सुरकुतलेली. त्यांनी कड घट्ट धरली.

मी डोळे मिटले नाहीत, एवढं मी अभिमानाने सांगते. पण नेमक्या त्या क्षणी बाबा माझ्या आणि मॅनहोलच्या मध्ये आले, मुद्दाम आले असावेत, आणि मला फक्त त्यांची पाठ दिसली. पाठ उठली. बाबा दोन पावलं बाजूला सरकले, दारात कोणाला वाट द्यावी तसे. मग ते सावकाश, दमलेल्या माणसाला सोबत करत चालावं तसे, खाडीकडच्या कडेपर्यंत गेले. तिथे थोडा वेळ उभे राहिले. खाली गढूळ पाणी होतं, भरती लागत होती. त्यांनी हात जोडले.

परत येऊन त्यांनी माझ्या हातातला शर्ट घेतला.

"किती बघितलंस?"

"बोटं."

"घाबरलीस?"

"हो."

"मी पण," बाबा म्हणाले. त्यांच्या बोटांना बटणं लागत नव्हती, ती मी लावली.

अकराऐवजी पावणेदोनला बार्ज पाण्यात गेली. बँड वाजला, झेंडे हलले, आणि साहेबांनी पुढे होऊन नारळ स्वतः न फोडता आवडाबाईच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवडाबाईने नारळ घेतला, पण फोडला नाही. ती हात पुढे करून उभीच राहिली.

"आनखी एक द्या," ती साहेबांना म्हणाली. "हा माझे मानसाचा झाला."

दुसरा कोणाचा, हे त्या तीनशे माणसांत तिला कोणी विचारलं नाही. रतनकाकांनी मुकाट्याने दुसरा नारळ आणून दिला.